पुणतांब्याची रिकामी पिकअप

गाडीच्या हौद्यात पाठीवर पडून आकाश बघायचं, हा माझा धंदा आहे. हे सांगितलं की लोक हसतात. मुलीच्या सोयरिकीत पाहुण्यांनी विचारलं, "आपण काय करता?" तेव्हा मी अगदी हेच सांगणार होतो, पण बायकोने डोळे वटारले आणि मी मुकाट्याने "गॅरेज आहे" म्हणालो. गॅरेज म्हणणंही तसं धाडसाचंच. इंजिन मी उघडत नाही, गिअरला हात लावत नाही. कोल्हारला मोठ्या रस्त्याच्या कडेला माझी पत्र्याची शेड आहे आणि तिथे कामं फक्त दोन, पाटे आणि शॉकअप. गाडी आणि रस्ता यांच्या मधे जे काही असतं तेवढं माझं, बाकीचं ज्याचं त्याने बघावं.

शॉकअप बदलायला गाडी आली की मी मालकाला म्हणतो, "चालवा तुम्ही. मी मागे पडतो." हौद्यात एक पोतं अंथरतो आणि त्यावर आडवा होतो. स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला रस्ता दिसतो, त्यामुळे खड्डा यायच्या आधीच त्याचं अंग सावध होतं आणि गाडीचं खरं दुखणं त्याला कळत नाही. पाठीवर पडलेल्याला काहीच दिसत नाही. वरून कडुलिंबाच्या फांद्या जातात, विजेच्या तारा जातात, उसाचे तुरे डोकावून मागे पडतात, एखाद्या वेळी शिर्डीला उतरणारं विमान पोट दाखवून जातं. खाली रस्ता पाठीशी बोलत असतो. कधीकधी मला कळत नाही की मी जातोय की ही झाडं-तारा-ढग कुणीतरी माझ्या अंगावरून ओढून नेतंय. अशा तंद्रीत माझं निम्मं आयुष्य गेलं आणि वर लोक मला कामसू म्हणतात.

ज्यांनी कधी गाडीखाली डोकं घातलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गाडीचं ओझं पाटा पेलतो. पाटा म्हणजे लोखंडाच्या वाकवलेल्या पट्ट्यांची चळत. चाक खड्ड्यात गेलं की पाटा दबतो आणि पुन्हा उसळतो. तो एकदा उसळून थांबत नाही. झोक्याला धक्का दिल्यावर झोका हेलकावत राहतो तसा तो हेलकावतो. शॉकअप म्हणजे तो झोका थांबवणारा हात. नळीत तेल असतं, तेलातून दांडा हळूहळू सरकतो, आणि गाडी शहाण्यासारखी जागेवर येते. एवढंच आहे सगळं. बाकी जाहिराती.

आता हल्ली पिकअप उंच करून घ्यायची टूम निघाली आहे. काहींना रुबाब हवा असतो, पण आमच्या भागात त्याला कारणही आहे. कालव्याच्या चारीच्या कडेने जाणारे रस्ते ट्रॅक्टरने दोन्ही बाजूंनी खोल गेलेले असतात आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. मग पाट्याखाली ठोकळे घालतात, एखादी पट्टी वाढवतात, आणि गाडी वर उचलतात. गाडी उंच झाली की जुना शॉकअप आखूड पडतो. चाक खड्ड्यात उतरलं की तो पार ताणला जातो आणि आतून 'खट्' असा आवाज येतो. ज्याचा शॉकअप असा खटखटतो त्याची कंबरही थोड्याच दिवसांत बोलायला लागते. बरं, म्हणून हवा तेवढा लांब घालावा तर तेही चालत नाही. माल भरल्यावर गाडी खाली बसते आणि लांब शॉकअपला दुमडायला जागा उरत नाही. म्हणून चाक लोंबतं ठेवून एक माप घ्यायचं, गाडी भरून दाबून दुसरं घ्यायचं, आणि दोन्हीकडे थोडी जागा उरेल असा शॉकअप निवडायचा.

हे माप टेपने घेता येतं. तो किती कडक असावा, हे टेप सांगत नाही. ते गाडीत काय भरणार आणि कोण बसणार यावर ठरतं, आणि नेमकं तेच गिऱ्हाईक सांगत नाही. शिर्डीत फुलांचा व्यापार करणारा एक जण यायचा. त्याने गाडी इतकी उंच केली होती की त्याच्या आईला चढायला तो हौद्यात एक स्टूल बाळगायचा. त्याची मागणी एकच, "मिस्तरी, लाल रंगाचे शॉकअप टाका." कडक का मऊ, तेलाचे का गॅसचे, काही नाही. लाल. मी लाल दिले. फुलं काही तक्रार करत नाहीत.

पारनेरकडच्या एका बैलगाडा शर्यतवाल्याने मात्र मला धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट शिकवली. त्याने नाही, त्याच्या बैलाने. बैल पिकअपमधून शर्यतीच्या घाटावर पोचायचा तो थकूनच. मी त्याच्याबरोबर मागे बसून गेलो. बिचारा सगळा रस्ता चारी पाय फाकवून, अंग आवळून उभा होता. मी शॉकअप बदलत गेलो, आणि एके दिवशी वाटेत बैलाने पाय सैल सोडले आणि तो रवंथ करायला लागला. मालकाच्या आधी माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून जनावरांच्या गाडीला माझी परीक्षा तीच, रवंथ सुरू झाला की काम झालं.

हे सगळं सांगायचं कारण पुणतांब्याचे सोपानतात्या आणि त्यांच्या हिराबाई.

सोपानतात्यांची वस्ती गोदावरीच्या अंगाला, पेरूच्या बागेत. त्यांनीही पिकअप उंच केलेली, कारण बागेचा रस्ता काळ्या मातीचा. हिराबाई राहात्याच्या बाहेर, मोठ्या रस्त्याच्या कडेला एका कडुलिंबाखाली पेरू विकायला बसत. लग्न होऊन आल्यापासून त्यांची ती जागा. शिर्डीला जाणारे ड्रायव्हर गाडी हळू करून त्यांना हाक मारून जायचे. मग बागेत पाय घसरून त्या पडल्या, मणक्याचं ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की बसा, फिरा, पण धक्का बसता कामा नये. मोटारसायकल बंद, रिक्षा बंद. राहिली पिकअप, आणि पिकअपमध्ये त्यांना दोन शेतं ओलांडवेनात.

त्यांच्या जागी सोपानतात्या बसायला लागले. माणूस देवासारखा, पण गिऱ्हाइकाने भाव विचारला की त्यांना अपमान वाटतो. रस्त्याकडेच्या जागेवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. जो बसतो त्याची ती. शेजारच्या बायका विचारायला लागल्या होत्या, "वैनी येनार हायेत का आता? न्हाई तर आमी सरकतो थोडं." हंगाम ऐन भरात होता. हा हंगाम घरात गेला तर हिराबाई पुन्हा त्या झाडाखाली बसणार नाहीत, हे दोघांनाही कळून चुकलं होतं आणि दोघंही ते एकमेकांना सांगत नव्हते.

सोपानतात्या माझ्याकडे आले ते शेजाऱ्याच्या कांद्याच्या गोण्या, कुणाची तरी बिघडलेली पाण्याची मोटर आणि बाभळेश्वरला उतरणारे एक म्हातारबाबा घेऊन. म्हणाले, "मिस्तरी, काय बी करा, पन हिला गाडी सोसंल असं करा." मी कांद्यांच्या मधे जागा करून आडवा झालो. चक्कर मारली. गाडी पाण्यावरून गेल्यासारखी गेली. शॉकअप बघितले तर नवेकोरे, लांबीला बरोबर, मनगटाएवढे जाड. बाजारात मिळतात त्यातले सगळ्यात भारी. मी रबरं बदलून दिली आणि म्हणालो, "तात्या, गाडीत काही दोष नाही."

पुन्हा आले. या वेळी खताची पोती होती. पुन्हा मी पडलो, पुन्हा गाडी सुतासारखी सरळ. सोपानतात्यांचा चेहरा पडला. "मग दुखनं तिच्या पाठीतच हाय म्हनायचं," असं स्वतःशीच म्हणत ते गेले, आणि घरी जाऊन त्यांनी ते मोठ्यानेही म्हटलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी हिराबाईंचा मला फोन.

"मिस्तरी, मी खोटं बोलते व्हय?"

"नाही हो वहिनी. कोण म्हणतं?"

"मग ऐका. तुमच्याकडं गाडी येती तवा भरून येती. माझ्या दारातून निघती तवा रिकामी असती. मागं पेरूचे थोडे क्रेट, त्याचं काय वजन? वस्तीपासून येशीपतुर माझा जीव जातो. येशीवर लोक चढले, गोन्या टाकल्या, की मग गाडी गप बसती. पन तवर मी उतरून घरी आलेली असते."

मी फोन ठेवला. बाई म्हणाल्या ते शंभर टक्के खरं होतं. आमच्याकडे रिकामी पिकअप गावाबाहेर नेतच नाहीत. गाडी निघाली हे कळलं की वेशीवर माणसं उभी असतात. कुणाचं दळण, कुणाची खाट दुरुस्तीला, कुणाचं कोकरू, कुणाला दवाखान्यात सोडायचं. तुम्ही तसेच पुढे गेलात तर संध्याकाळी गाव म्हणतं, याला मोठेपणा आला. त्यामुळे माझ्या दारात गाडी येते ती भरूनच, आणि मी आयुष्यभर ओझ्याखाली शहाण्या झालेल्या गाड्यांची नाडी बघत आलो. घरच्या रस्त्यावर एकटी असताना ती कशी वागते, हे त्या घरच्या बाईलाच माहीत.

मी एसटीने पुणतांब्याला गेलो. अंगणात हिराबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. बसण्यापेक्षा त्यांना उभं राहणं बरं वाटायचं. कृश झालेल्या, पण नजर अशी की मी आधी चप्पल नीट काढली. रिकाम्या हौद्यात पोतं टाकून आडवा झालो आणि सोपानतात्यांनी गाडी सोडली. आकाश बिकाश काही दिसलं नाही. पहिल्या चाकोरीतच मी पोत्यासकट उडालो. वेशीपर्यंत दोन्ही हातांनी फळी धरून बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, ही बाई या गाडीत चढली कशी?

दोष सरळ होता. जाड शॉकअप भरलेल्या गाडीसाठी केलेले असतात. रिकाम्या गाडीचं वजन त्यांना दाबूच शकत नाही, मग ते काठीसारखे ताठ राहतात आणि रस्ता जसाच्या तसा वर पाठवतात. त्यातच उंच करताना पाट्यात एक पट्टी वाढवलेली. मी तात्यांना म्हणालो, ती पट्टी काढू, ठोकळे राहू देत म्हणजे उंची जाणार नाही. आणि शॉकअप बारीक घालू, तेलाचे, लांब. दबताना मऊ आणि उघडताना सावकाश.

"बारीक?" तात्या म्हणाले. "येवढ्या उंच गाडीला? लोक हसत्याल."

"हसू द्या."

"आन उसाचं बेनं भरल्यावर?"

इथे मला खरं सांगणं भाग होतं. रिकाम्या आणि भरल्या गाडीला सारखाच मानवेल असा शॉकअप मी अजून पाहिलेला नाही. फिरवून कमी-जास्त करायचे येतात, पण पाच गावांचं ओझं वाहणाऱ्या गाडीत रोज खाली वाकून ते फिरवणार कोण? शेवटी कुणाच्या तरी बाजूने उभं राहावं लागतं. मी म्हणालो, "तात्या, बेणं भरलंत तर गाडी मागून बसेल. ही गाडी आता वहिनींची करायची का बेण्याची, ते तुम्ही ठरवा."

हिराबाई तिकडे भिंतीला टेकून उभ्याच होत्या. सोपानतात्यांनी गाडीकडे बघितलं, बागेकडे बघितलं, आणि बायकोकडे न बघता म्हणाले, "बेनं ट्रॅक्टरनं नेऊ."

मला त्या माणसाबद्दल त्या क्षणी जे वाटलं ते मी त्याला सांगितलं नाही. इथे सांगतो. मला वाटलं, याच्या पाया पडावं.

शॉकअप बसवले आणि मग आली खरी अडचण. गाडी रिकामीच राहात्याला न्यायची, तीही हिराबाईंना बसवून. मी त्यांना शर्यतीच्या बैलाची गोष्ट सांगून बसलो होतो. त्या म्हणाल्या, "म्हंजी आता मी रवंथ करते का बगनार व्हय तुमी?" तात्या हसले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं असावं, कारण हसल्यावर तेच दचकले.

वेशीवर माणसं उभीच होती. एक खाट, दुधाचे कॅन, आणि पिशवी घेऊन एक आजोबा. तात्यांनी काच खाली केली. माझ्यासमोर त्या माणसाला घाम फुटला.

"आज न्हाई. आज रिकामी न्यायची हाय."

"रिकामी?" आजोबा म्हणाले. "का रं सोपाना, विलेक्शनला उभा ऱ्हातो का काय?"

"शॉकअप बगायचे हायेत, आबा."

"मग मी काय शॉकअपवर बसतो व्हय? कोपऱ्यात बसंन की. माझं वजन ते किती?"

आजोबांनी फळीवर पाय टाकलाच होता. तेवढ्यात हिराबाईंनी काचेतून मान बाहेर काढली. "आबा, आजच्या दिस. माझ्यासाठी." आजोबांनी पाय काढला. एवढंच म्हणाले, "जा बाई. नीट जा." गाडी हलली तेव्हा ते सगळे तिथेच उभे राहून आमच्याकडे बघत होते, आणि आम्ही काहीतरी चोरून नेतोय असं मला वाटत होतं.

थंडीचे दिवस. नदीवरचं धुकं अजून उसात अडकलेलं. कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांमधून सांडलेला ऊस रस्त्यावर चिरडून सगळीकडे गोड, आंबूस वास पसरला होता. मी या वेळी आडवा झालो नाही. केबिनच्या मागच्या काचेला खेटून बसलो. काच थोडी सरकवलेली होती. आत मला हिराबाईंचा फक्त एक हात दिसत होता. समोरची कडी त्यांनी अशी धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. वाटेतला खड्डा न् खड्डा त्या हाताला पाठ होता. खड्डा यायच्या आधीच तो हात आवळायचा, वाट बघायचा. गाडी खाली जायची, वर यायची, आणि गप व्हायची. हात तसाच, अविश्वासाने. पुढचा खड्डा. पुन्हा तसंच. मग एक बोट सुटलं. चारीचा पूल ओलांडला तेव्हा हात नुसता कडीवर ठेवलेला होता, आणि नंतर कधीतरी तो मांडीवर उतरला. धुक्यातून झाडं येत होती, जात होती. माझं सगळं कसब त्या एका हातात होतं आणि मी त्याच्यावरून नजर काढू शकत नव्हतो.

राहाता जवळ आलं तेव्हा त्यांची मान एकदम काचेकडे कलली. मला वाटलं, भोवळ आली. मी काचेवर टकटक करायला हात उचलला, तर आरशात सोपानतात्यांनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांचे डोळे भरले होते. हिराबाईंना झोप लागली होती. तात्यांनी मला नंतर सांगितलं, ऑपरेशनपासून त्या बाईला कुशीवर, पाठीवर, कशीच सलग झोप नव्हती. रात्रभर कूस बदलायची आणि सकाळी 'झोपले होते' म्हणायची.

कडुलिंब आला. त्या झाडाखाली हिराबाई आता रोज बसतात, हे आधीच सांगून टाकतो, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पण त्या दिवशी झाडाखाली पेरूच्या पाट्या मांडून बसलेल्या बायका पिकअप ओळखून उठल्या, एकीने हात केला, आणि सोपानतात्यांनी गाडी हळू केली. थांबवली असती तर त्या जाग्या झाल्या असत्या. तात्यांनी समोर बघितलं आणि गाडी तशीच पुढे जाऊ दिली. बायका हात वर करून बघत राहिल्या.

पिंपरी निर्मळ गेलं. बाभळेश्वर गेलं. ऊन वर आलं, धुकं विरलं. कोल्हारला माझ्या शेडवरून गेलो; दारात पाणी मारणारी माझी बायको मला हौद्यात बघून ओरडणार होती, मी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं. प्रवरेच्या पुलावर पाणी चमकत होतं. आम्ही कुठे चाललो होतो ते सोपानतात्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, आणि मला विचारावंसंही वाटलं नाही. रिकामी गाडी आणि झोपलेली बाई घेऊन एक शेतकरी, कामाच्या दिवशी, नुसता चालला होता.

राहुरीच्या अलीकडे हिराबाई जाग्या झाल्या.

"आलं का राहाता?"

"गेलं," तात्या म्हणाले.

"कवा?"

"लई वेळ झाला."

त्या बाहेर बघत राहिल्या. दोन्हीकडे अनोळखी शेतं होती. मला वाटलं आता रागावतील; हंगामाचा दिवस, जागा राहिली मागे.

"मग आता?"

"आता फिरवतो की गाडी."

हिराबाईंनी शाल खांद्यावर ओढली आणि पुन्हा काचेला टेकल्या.

"फिरवा," त्या म्हणाल्या, "पन सावकाश घ्या."